कॅन्सरच्या इलाजात रोग्याचा स्वतःचा वाटा



ऊस गाडीत भरून दिला की आपले काम संपले, असे आपण कधी मानत नाही. वजनकाट्यावर स्वतः उभे राहतो, पावती वाचतो, घडी घालून खिशात ठेवतो. पण कॅन्सरसारखा रोग निघाला की तोच माणूस म्हणतो, "डॉक्टरसाहेब, तुम्हीच काय ते बघा." आमचे सांगणे एवढेच, की काट्यावरची सवय दवाखान्यातही न्यावी.

पहिली गोष्ट वेळेची. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, स्तनात गाठ लागत असेल, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जात असेल, बसलेला आवाज सुटत नसेल, तर "तोड झाल्यावर बघू" म्हणू नये. दुखत नाही म्हणूनही थांबू नये. सुरुवातीला गाठ बहुधा दुखतच नाही.

लवकर शोधल्याने काय होते, याचा दाखला मराठवाड्यातच आहे. उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आला, की एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले.

दुसरी गोष्ट पुराव्याची. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी केली. त्यांत १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. कित्येकींना "पुढे कॅन्सर होईल" अशी भीती घातली होती. आपला ऊस याच बाया तोडतात, हे विसरू नये. म्हणून कॅन्सरचे नाव निघाले की आधी विचारावे, "तुकडा काढून तपासला का? रिपोर्ट कुठे आहे?" मोठ्या ऑपरेशनआधी दुसऱ्या जाणकार डॉक्टरांचे मत घेणे हा आपला हक्क आहे. त्यात कुणाचा अपमान नाही.

तिसरी गोष्ट प्रश्नांची. जाताना कागदावर लिहून न्यावे : रोग कोणत्या अवयवाचा? कोणत्या टप्प्यावर आहे? इलाज रोग बरा करण्यासाठी, की आटोक्यात ठेवण्यासाठी? किती दिवस चालेल? त्रास काय होईल? सोबत घरचे एक शहाणे माणूस न्यावे. घाबरलेल्या रोग्याच्या निम्मे ध्यानात राहत नाही. आणि रोग्यापासून रोग लपवू नये. ज्याला ठाऊकच नाही, तो इलाजाला साथ काय देणार?

चौथी गोष्ट नेटाची. सर्व कागद तारखेवार एका फायलीत ठेवावेत. बरे वाटू लागले म्हणून केमो किंवा शेक मध्येच सोडू नये. केमो चालू असताना ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. झाडपाला घेत असाल तर तोही सांगावा. तंबाखू मात्र त्याच दिवशी बंद.

जाफराबादकरांना मुंबईच गाठली पाहिजे असे नाही. छत्रपती संभाजीनगरला २०१२ पासून शासकीय कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर घ्यावे आणि शेत विकायला काढण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावे.

डॉक्टर इलाज करतील. पण अंग आपले आहे. त्याचा हिशेब आपणच ठेवावा, ही विनंती.