पिवळे तळहात, पांढरे डोळे

मुलाचे तळहात हळद लावल्यासारखे पिवळे दिसू लागले की घरच्यांच्या मनात पहिली शंका येते ती काविळीची. मग कोणी झाडपाल्याचा रस नाकात घालावयास सांगतो, तर कोणी डाग देण्याचा सल्ला देतो. वस्तुत: हा पिवळेपणा दर वेळी काविळीचाच असतो असे नाही. गाजर, पपई, तांबडा भोपळा, आंबा असे पदार्थ कित्येक आठवडे फार मोठ्या प्रमाणात खाल्ल्यानेही त्वचेस पिवळी छटा येते. या दोहोंतील भेद प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणे अगत्याचे आहे. निरोगी मुलास डाग देणे जितके अनिष्ट, तितकेच खऱ्या काविळीकडे ‘गाजरे फार खाल्ली असतील’ म्हणून दुर्लक्ष करणे घातक होय.

रंग कोठून येतो?

या फळांना व भाज्यांना पिवळा-नारिंगी रंग देणाऱ्या द्रव्यांस कॅरोटीन वर्गातील द्रव्ये म्हणतात. पालक, मेथी, शेवग्याचा पाला यांतही कॅरोटीन विपुल असते. मात्र हिरव्या रंगाखाली ते झाकले जाते. आपल्या शरीरात कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व तयार होते. परंतु शरीर गरजेपुरतेच रूपांतर करते. उरलेले कॅरोटीन रक्तातून चरबीत व त्वचेच्या वरच्या थरात साठते आणि घामावाटेही बाहेर पडते. म्हणूनच जेथे त्वचा जाड व घाम अधिक, अशा तळहातांवर व तळपायांवर, तसेच नाकाच्या आजूबाजूस हा रंग प्रथम दिसतो. १९१९ साली अमेरिकेतील हेस व मायर्स या संशोधकांनी गाजर खाऊ घातलेल्या बालकांत हा प्रकार नोंदविला व त्यास नाव दिले.

भेद कसा ओळखावा?

मुलास उजेडात, शक्यतो दिवसा, उभे करावे व खालची पापणी हलकेच खाली ओढून डोळ्याचा पांढरा भाग पाहावा. कॅरोटीनमुळे आलेल्या पिवळेपणात हा भाग पांढराच राहतो. काविळीत तो पिवळा होतो. काविळीत बहुधा लघवी गडद होते, भूक मंदावते, मळमळ व थकवा जाणवतो. कॅरोटीनच्या पिवळेपणात मूल एरव्हीसारखे खेळते व जेवते. डोळे पिवळे असतील किंवा मनात शंका असेल, तर वेळ न दवडता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. रक्ताच्या साध्या तपासणीने निर्णय होतो. फारसे गाजर-पपई न खाताही तळहात पिवळे दिसत असतील, तरीही डॉक्टरांस दाखवावे. कारण थायरॉइड ग्रंथीची मंदता, मधुमेह व मूत्रपिंडाचे काही विकार यांतही रक्तातील कॅरोटीन वाढते.

अफझलगंज ते तारनाका

१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. दुखणे मोठे झाले की तेथील माणसे हैदराबादची वाट धरीत. मुसी नदीकाठच्या अफझलगंज भागातील उस्मानिया रुग्णालय त्यामुळे मराठवाड्यासही परिचित होते. दुखणे आल्यावर उपचार अफझलगंजला होत. दुखणे येऊच नये म्हणून काय खावे, याचा अभ्यास त्याच शहरातील तारनाका येथे राष्ट्रीय पोषण संस्थेत होऊ लागला. कुन्नूर येथील ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेस आली व १९६९ साली तिला आजचे नाव मिळाले. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने मुलांना रातांधळेपणा येतो व प्रसंगी दृष्टी कायमची जाते. या संस्थेच्या अभ्यासाच्या आधारे मुलांना सहा महिन्यांनी एकदा दोन लाख एककांची मात्रा पाजण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० साली सुरू झाला. तेव्हा तळहात पिवळे होतील या भीतीने भाज्या-फळे तोडणे म्हणजे लहान भयापोटी मोठे संकट ओढवून घेणे होय.

घातक काय?

अन्नातून आलेले कॅरोटीन जास्त झाले तरी विषबाधा होत नाही. पदार्थांचे प्रमाण कमी केल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत रंग आपोआप ओसरतो. परंतु तयार अ जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. ते यकृतात साठते व अतिरेक झाल्यास डोकेदुखी, उलट्या, यकृताची हानी होते. गरोदरपणी गर्भासही अपाय होतो. म्हणून आरोग्य सेविकेने दिलेल्या मात्रेव्यतिरिक्त औषध मनाने देऊ नये. कॅरोटीनच्या गोळ्याही निर्धोक समजू नयेत. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर केलेल्या व १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता सुमारे १८ टक्के अधिक आढळला. गाजराने जे साधते ते गोळीने साधेलच असे नाही.

ध्यानात ठेवावे

एकच पदार्थ रोज भरमसाट न खाता हिरवी पालेभाजी, पिवळी फळे, डाळ व भाकरी यांचा मेळ घालावा. भाजीस थोडे तेल असावे. त्यामुळे कॅरोटीन अंगी लागते. शिक्षकांनी व अंगणवाडी सेविकांनी पालकांना डोळ्याचा पांढरा भाग पाहण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. तळहात पिवळे व डोळे पांढरे, तर आधी आहार तपासावा. डोळेच पिवळे, तर तडक दवाखाना गाठावा. डाग मात्र कोणत्याही मुलास, कोणत्याही कारणाने देऊ नये.