वकील कमी पडला म्हणून अपील

खुनाच्या खटल्यात शिक्षा झाली की नातेवाइकांच्या तोंडी पहिले वाक्य येते, "वकील बरोबर नव्हता." एवढ्यावर अपिलात शिक्षा रद्द होते काय, हे विद्यार्थी मित्रांनी समजून घेण्यासारखे आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत कलम १५-अ मांडले. तेच आजचे कलम २२. अटक झालेल्यास आपल्या पसंतीच्या वकिलाकडून बचाव करून घेण्याचा हक्क त्यात आहे.

हा हक्क कोणाला? मुंबईवरील हल्ल्यातील कसाबलासुद्धा! सर्वोच्च न्यायालयात त्याच्या वतीने राजू रामचंद्रन यांनी मांडले की, अटकेनंतर त्याला लगेच वकील मिळाला नाही आणि पुढे नेमलेल्या वकिलास हजारो पानांचे आरोपपत्र वाचण्यास पुरेसा वेळ मिळाला नाही. २९ ऑगस्ट २०१२ रोजी अपील फेटाळले गेले. आरंभी त्यानेच भारतीय वकील नाकारला होता. मात्र न्यायालयाने सांगून ठेवले, की आरोपी प्रथम हजर होताच वकिलाचा हक्क सांगणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. आरोपीने स्वखुशीने नाकारला नसताना खटल्यात वकीलच नसेल, तर तो खटला दूषित होतो. त्याआधीच्या टप्प्यातील उणिवेने बचावाचे प्रत्यक्ष नुकसान झाले काय, हे मात्र तपासावे लागते.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील खांडव्याचा खटला याहून बोलका आहे. २०१३ साली सरकारी खर्चाने वकील नेमला त्याच दिवशी आरोपनिश्चिती झाली आणि पंधरवड्याच्या आत फाशी! (आमच्या बँकेत साध्या कर्जप्रकरणालाही याहून जास्त दिवस लागतात.) १८ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द करून खटला नव्याने चालविण्यास सांगितले. जन्मठेप वा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात न्यायमित्र किमान दहा वर्षे वकिली केलेला असावा व त्याला तयारीस साधारण सात दिवस मिळावेत, असेही घालून दिले. तो आरोपी अखेर २०२४ मध्ये निर्दोष सुटला. अकरा वर्षे गेली ती गेलीच.

तेव्हा वकिलाने कोणता साक्षीदार तपासला नाही, कोणता कागद पाहिला नाही, हे अपिलात नेमके दाखवावे लागते. नुसती नाराजी चालत नाही. आणि मोफत वकील मागण्यास संकोच कशाला? १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया व कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जातीतील बौद्धांनाही १९९० पासून हा दर्जा आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा, शक्यतो अटकेच्या दिवशीच.