जुन्या मोटारीचा वेगमापक

बेलूर म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे चेन्नकेशवाचे मंदिर उभे राहते. ते बेलूर हासन जिल्ह्यातले. आम्ही ज्या बेलूरविषयी लिहीत आहो, ते धारवाडहून कित्तूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे. येथे कोरीव मदनिका नाहीत. येथे औद्योगिक वसाहत आहे, आणि टाटा मार्कोपोलो या नावाने उभारलेल्या कारखान्यामुळे बसगाड्या बांधणारे गाव म्हणून त्याची ओळख झाली आहे. या वसाहतीच्या आसपास हरहुन्नरी मिस्त्रींच्या लहान लहान कार्यशाळा आहेत. अशाच एका कार्यशाळेत गेल्या सुटीत आम्ही एक जुनी इंग्रजी बनावटीची मोटार पाहिली. इंजिन उत्तम चाले, परंतु वेग दाखविणारा काटा शून्यावर निपचित पडलेला होता.

हा काटा मुळात फिरतो कसा, हे आधी पाहू. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून एक लवचिक तार नळीतून चालकापुढच्या तबकडीपर्यंत आलेली असते. मिस्त्री तिला केबल म्हणतात. चाके फिरली की ही तार स्वतःभोवती फिरते व तबकडीच्या पाठीमागे एक लहानसा चुंबक गरगर फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनिअमची वाटी असते. दोहोंचा एकमेकांना स्पर्श नाही, आणि ॲल्युमिनिअमला चुंबक ओढीत नाही, हे तर तुम्ही प्रयोगशाळेत पाहिलेच आहे. मग वाटी का फिरू पाहते? फिरत्या चुंबकामुळे वाटीच्या धातूत विजेचे आवर्तप्रवाह उत्पन्न होतात, आणि ते वाटीला चुंबकाच्या मागे खेचतात. वाटीला केसासारखी बारीक स्प्रिंग अडवून धरते. वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होते, स्प्रिंग दुप्पट पिळली जाते, आणि काटा दुप्पट पुढे सरकतो. ऑटो शुल्झे याने १९०२ साली या युक्तीचे पेटंट घेतले. शतकभर जगातील असंख्य मोटारी तिच्यावर चालल्या. इतके साधे आणि इतके दिवस टिकलेले यंत्र विरळाच, असे आम्हांस वाटते.

पण जुने झाले की ते खोटे बोलू लागते. चुंबकाची शक्ती घटली की काटा कमी वेग दाखवितो. केबलला घातलेले वंगण वर चढून वाटीत शिरले की तो जास्त वेग दाखवितो. तार कोठे मुरडली असेल, तर काटा सारखा थरथरतो. आमच्या या मोटारीची तार तुटलीच होती, आणि त्या मापाची दुसरी कोठे मिळेना.

मिस्त्रींनी दोन मार्ग सुचविले. एक, तबकडीच्या आतले सर्व काढून टाकावयाचे आणि काट्याला इलेक्ट्रॉनिक आज्ञेने चालणारी छोटी मोटर जोडावयाची. अंतराचे आकडेही मग एका लहान पडद्यावर उमटतील. हा मार्ग सोपा. दुसरा, आतले जुने यंत्र तसेच ठेवून केवळ तुटलेल्या केबलचे काम विजेवर सोपवावयाचे. मोटारीचे मालक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मिस्त्री, ते आकडे तेवढे काढू नका. त्यांतले निम्मे मैल माझ्या वडिलांनी चालविलेले आहेत.”

आम्हांला हे बोलणे केवळ भावनेचे वाटले नाही. पडद्यावरचा आकडा बसविणारा जो म्हणेल तो असतो. नव्याने शून्यापासून आरंभ करता येतो, किंवा हवा तो आकडा लिहिता येतो. जुन्या मोटारीची खरेदी-विक्री करणारे याच कारणाने त्या आकड्याकडे संशयाने पाहतात. तेव्हा दुसरा मार्ग ठरला.

आता गणित. चाकाचा परीघ २ मीटर धरला. म्हणजे १ किलोमीटरला ५०० फेरे. मागच्या आसाचे गुणोत्तर ४ असल्याने प्रॉपेलर शाफ्टचे २००० फेरे. शाफ्टवर चार लहान चुंबक बसविले आणि त्यांच्याजवळ एक संवेदक. एडविन हॉल याने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो: चुंबक समोरून गेला की विजेचा एक ठोका देतो. १ किलोमीटरला ८००० ठोके. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, म्हणून सेकंदाला ८० ठोके.

दशांश सेकंदात किती ठोके पडले हे मोजावे, असे प्रथम सुचते. पण तेवढ्या वेळात ठोके पडणार ८. एक चुकला की वेग एकदम ताशी साडेचार किलोमीटरने बदलणार, आणि काटा उड्या मारणार! म्हणून ठोके न मोजता दोन ठोक्यांमधला काळ मोजावयाचा. तोही एकट्याचा नव्हे, तर लागोपाठच्या चारांची सरासरी. कारण चार चुंबक हाताने तंतोतंत सारख्या अंतरावर बसत नाहीत.

तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत १६०० हा आकडा होता. पुष्कळांचे त्याकडे लक्षही जात नाही. मैलाला केबलचे १६०० फेरे, असा त्याचा अर्थ. मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर; म्हणून किलोमीटरला सुमारे ९९४ फेरे, म्हणजे दर ८.०५ ठोक्यांना एक फेरा. शेवटचे ०.०५ सोडून दिले असते, तर दर १०० मैलांना अर्ध्या मैलाहून अधिक चूक झाली असती. तबकडीमागे बसविलेली छोटी मोटर नेमक्या याच प्रमाणात फिरते की नाही, हे तिच्या स्वतःच्या आसावरील चुंबक व दुसरा संवेदक सतत तपासतो. मोटारीवर चढविण्यापूर्वी मेजावरच परीक्षा घेतली: मिनिटाला १६०० फेरे दिले, तेव्हा काटा ६० मैलांवर स्थिर राहिला.

इंजिन सुरू करताच मात्र मोटार उभी असूनही काटा नाचू लागला. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलमधून निघालेले विजेचे धक्के संवेदकाच्या तारेत शिरत होते, आणि बिचाऱ्या यंत्राला ते ठोकेच वाटत होते. तारेवर धातूच्या जाळीचे आवरण घालून ती कॉइलपासून दूर नेली, तेव्हा तो शांत झाला. जाता जाता एक सूचना: काही जुन्या इंग्रजी मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. हे न पाहता जोडणी केली, तर सगळे इलेक्ट्रॉनिक भाग क्षणात जळून जातात.

शेवटी कित्तूरच्या बाजूस चाचणीला निघालो. ताशी ३० मैलांवर काटा ठेवून पाच किलोमीटर गेलो. ३७३ सेकंद लागावयास हवे होते. घड्याळात ३८० भरले. काटा सुमारे २ टक्के जास्त दाखवीत होता. यंत्र तर मेजावर बरोबर होते! चूक आमची निघाली. आम्ही रिकाम्या मोटारीच्या चाकाभोवती टेप गुंडाळून परीघ मोजला होता. माणसे बसली की टायर दबतो आणि एका फेऱ्यात कमी अंतर जातो. टायरवर खडूची खूण केली, चौघे आत बसले, बाकीच्यांनी मोटार ढकलीत चाकाचे दहा फेरे पुरे केले. अंतर भरले १९ मीटर ६४ सेंटिमीटर. परीघ २ मीटर नव्हे, १.९६४ मीटर.

तो आकडा यंत्रात घालून पुन्हा निघालो. या खेपेस ३७४ सेकंद लागले. परत येताना बेलूरच्या वळणावर अंतराच्या शेवटच्या खान्यात ९ वर जाऊन ० आला आणि शेजारचे चाक हळूच एक घर सरकले. मालकांनी मोटार कडेला घेतली, चष्मा पुसला, आणि तो आकडा खिशातल्या वहीत तारखेसह टिपून ठेवला.