कांदा लावण्याआधी विहिरीचं पाणी तपासा

गाळप सुरू झालं की प्रवरेच्या पट्ट्यात रस्त्यावर उसाच्या गाड्या लागतात, आणि त्याच सुमाराला उन्हाळ कांद्याची रोपं लागवडीला येतात. रोपं, मजूर, खत यांची जुळवाजुळव सगळेच करतात. विहिरीच्या पाण्याचा अहवाल मात्र फार थोड्यांकडे असतो.

पाणी बिघडलं कसं, ते आधी पाहू. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण 1926 साली पुरं झालं. पाटाच्या पाण्यावर ऊस आला, पण काळ्या रानात निचरा नव्हता, म्हणून पाणी मुरत राहिलं आणि क्षार वर आले. पुढे साखर कारखाने आणि त्यांना जोडून मद्यार्काचे प्रकल्प उभे राहिले. एक लिटर मद्यार्कामागे साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश, म्हणजे मद्यार्क काढून उरलेलं सांडपाणी, निघतो. तांबडा, आम्लधर्मी आणि पालाशाने भरलेला हा स्पेंटवॉश प्रक्रिया न करता ओढ्यात गेला, तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे तरंगतात, आणि काठच्या विहिरींचं पाणी चहासारखं दिसू लागतं. असं दिसलं तर तारखेसह फोटो काढा, नमुना घ्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. ‘फुकटचं खत’ म्हणून कच्च्या स्पेंटवॉशचा टँकर रानात मात्र घेऊ नका.

पण सगळा दोष धुराड्याच्या माथी मारून चालणार नाही. विहिरीतला नायट्रेट बहुतेक वेळा आपल्याच बांधाआतला असतो. उसाला मोकाट पाण्यासोबत टाकलेला युरिया, विहिरीशेजारचा उकिरडा, गोठ्याचं मूत, सगळं झिरपत खाली जातं. त्याला रंग नाही, वास नाही.

आता थोडा हिशेब. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. एवढा नायट्रेट असलेल्या पाण्याची एकरभर रानात 5 सेंटिमीटरची एक पाळी दिली, की जवळजवळ 2 किलो नत्र जातं. दहा पाळ्यांत 20 किलो, म्हणजे युरियाची जवळपास एक गोणी. नायट्रेट 90 असेल तर दोन गोण्या. कांद्याची शिफारस हेक्टरी 100 किलो नत्राची, म्हणजे एकरी 40 किलो. ती विहिरीनेच पुरी केली! वर आपण पुन्हा युरिया टाकतो. शिवाय विहिरीचं नत्र शेवटच्या पाळीपर्यंत येत राहतं. कांद्याची मान जाड राहते आणि चाळीत माल सडतो. आपण दोष देतो बियाण्याला.

नमुना असा घ्या: मोटार पंधरा मिनिटं चालू द्या, खताची वा औषधाची नसलेली स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा, चिठ्ठी लावा आणि शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ किंवा बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र इथे चौकशी करा. सिंचनाच्या नेहमीच्या तपासणीत नायट्रेट असेलच असं नाही, म्हणून तो मुद्दाम मागा.

नायट्रेट जास्त निघाला तर विहिरीतून येणारं नत्र खताच्या मात्रेतून वजा करा. शेवटच्या पाळ्या जमल्यास पाटाच्या पाण्याच्या द्या. विद्युतवाहकता, म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप, 2.25 डेसिसायमन प्रति मीटरच्या वर असेल तर त्या पाण्यावर कांदा लावू नका. गहू त्याहून बराच जास्त क्षार सोसतो. ‘क्षार आहेत, जिप्सम टाक’ हा सल्ला सरसकट खरा नाही. जिप्समचा उपयोग सोडियम आणि बायकार्बोनेटच्या दोषावर होतो. पाणी नुसतं खारट असेल तर चर काढून निचराच करावा लागतो.

आणि एक घरातलं. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटतं तसा दाटतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध नायट्रेट जास्त असलेल्या विहिरीच्या पाण्यात कालवू नका.