श्रीरंगम् : दोन नद्यांमधले गाव आणि वाळूतला पाया

दक्षिणेच्या सहलीला निघालेला मराठी माणूस तिरुचिरापल्लीला उतरतो, रॉकफोर्टच्या पायऱ्या चढतो, श्रीरंगम्‌ला रंगनाथाचे दर्शन घेतो, गोपुराचा फोटो काढतो आणि रात्रीच्या गाडीने रामेश्वरला जातो. त्यात चूक काहीच नाही. पण आपण पडलो इंजिनिअरिंगवाले! गोपुर किती उंच आहे याबरोबरच ते कशाच्या आधाराने उभे आहे, हाही प्रश्न आपल्याला पडायला हवा. श्रीरंगम् हे बेट आहे. दक्षिणेला कावेरी, उत्तरेला कोल्लिडम आणि मध्ये नद्यांनीच आणून टाकलेली वाळू नि गाळ. अशा जागी १५६ एकरांचे देऊळ आणि त्याच्या कोटाच्या आत नांदते गाव, हे शेकडो वर्षे चालले आहे. कसे काय?

उत्तर आधीच सांगून टाकतो. देऊळ दगडांवर उभे आहे, पण गाव उभे आहे ते पाण्याच्या वाटणीवर. ही वाटणी करणारी दोन बांधकामे बेटाच्या दोन टोकांना आहेत. आणि ती टिकली ती एकदा पक्की बांधली म्हणून नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी त्यांची दुरुस्ती करत आले म्हणून. आता हेच जरा सविस्तर पाहू.

१) गावाची ओळख

कर्नाटकात कोडगूमधल्या तलकावेरीला उगम पावलेली कावेरी सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत तिने तीन बेटे तयार केली आणि तिन्हींवर रंगनाथ आहे. श्रीरंगपट्टण हे आदिरंग, शिवनसमुद्र हे मध्यरंग आणि श्रीरंगम् हे अंत्यरंग.

श्रीरंगम्‌च्या देवळाला एकात एक असे सात कोट आहेत. आतले चार देवळाचे, तर बाहेरच्या तिनांत चक्क घरे, दुकाने, रस्ते. म्हणजे देऊळ गावात नाही, गावच देवळात आहे. एकंदर २१ गोपुरे आहेत. दक्षिणेच्या राजगोपुराचे काम विजयनगरच्या काळात सुरू होऊन अर्धवट राहिले आणि पुरे झाले ते १९८७ साली. आज त्याची उंची सत्तर मीटरहून जास्त आहे. देवळात सहाशेहून अधिक शिलालेख आहेत. रामानुजाचार्यांनी इथल्या कारभाराची घडी बसवली. चौदाव्या शतकात दिल्लीच्या फौजांनी देऊळ लुटले, उत्सवमूर्ती कित्येक वर्षे परगावी फिरत राहिली आणि १३७१ साली परत आली.

याच बेटावर तिरुवानैक्कावल येथे जंबुकेश्वराचे देऊळ आहे. पंचमहाभूतांच्या पाच लिंगांपैकी हे आपलिंग, म्हणजे पाण्याचे. गाभाऱ्यात जमिनीतून पाणी पाझरत असते. भाविकांसाठी तो देवाचा महिमा. आपल्यासाठी त्यात आणखी एक माहिती आहे, ती म्हणजे या बेटावर भूजल किती वर आहे याची.

२) पाण्याला सोपी वाट आवडते

आता मुद्द्याचे. बेटाच्या वरच्या, म्हणजे पश्चिमेच्या टोकाला मुक्कोम्बु येथे नदीचे दोन फाटे होतात. उत्तरेचा कोल्लिडम आणि दक्षिणेची कावेरी. सुमारे तीस किलोमीटर खाली, पूर्वेच्या टोकाला, दोन्ही पात्रे पुन्हा अगदी जवळ येतात.

दोघांचा स्वभाव मात्र वेगळा. कोल्लिडमचे पात्र खोल, उताराचे आणि समुद्राकडे जवळच्या वाटेने जाणारे. कावेरी मात्र खाली तंजावरच्या मैदानात असंख्य फाट्यांत विभागली जाते. पाणी विभागले की वेग कमी होतो, वेग कमी झाला की गाळ बसतो, गाळ बसला की पात्र वर येते. पात्र वर आले की मुक्कोम्बुला आलेले पाणी आणखीच कोल्लिडमकडे वळते. मग कावेरीत पाणी आणखी कमी, गाळ आणखी जास्त. हे चक्र आपोआप थांबत नाही. कंट्रोल सिस्टिम्सच्या तासाला 'पॉझिटिव्ह फीडबॅक' म्हणतात ना, तोच हा प्रकार.

असेच चालू दिले तर काय होईल? कावेरीचे सगळे पाणी एक दिवस कोल्लिडमने पळवलेले असेल. श्रीरंगम्‌चा अम्मा मंडपम् घाट कोरडा पडेल, तिथे आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी कावेरीची पूजा करणाऱ्या बायका वाळूला नमस्कार करून परततील, आणि खाली तंजावरचा भात संपेल. हा भात म्हणजे नुसते जेवण नव्हे. इथल्या देवळांचा नैवेद्य, पुजाऱ्यांचे उत्पन्न, उत्सवांचा खर्च, सगळे पूर्वापार देवळाला दिलेल्या जमिनींवर चालत आले आहे.

३) कल्लणै : वाळूत बुडवलेला दगड

हे चक्र अडवण्याचे पहिले काम बेटाच्या पूर्वेच्या टोकाला झाले. तिथे कावेरीचे पाणी कोल्लिडमच्या खोल पात्रात निसटून जात होते. ती वाट दगडी बंधाऱ्याने बंद केली. तोच कल्लणै. तमिळमध्ये 'कल्' म्हणजे दगड आणि 'अणै' म्हणजे धरण. इंग्रजांनी त्याला ग्रँड अ‍ॅनिकट म्हटले. परंपरा त्याचे श्रेय करिकाल चोळ राजाला देते आणि त्याचा काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपास मानते. लांबी ३२९ मीटर, रुंदी सुमारे २० मीटर, उंची साडेपाच मीटरच्या आत. आराखडा सरळ रेषेत नाही, नागमोडी आहे.

व्हायवाला विचारतात तो प्रश्न इथे येतो. खाली खडक लागत नाही, नुसती वाळू. पाया कसा घेणार? जुन्या कारागिरांनी खडक शोधलाच नाही. त्यांनी मोठमोठे दगड पात्रात टाकले. पाण्याने दगडाखालची वाळू खरवडली, दगड खाली गेला. त्यावर दुसरा टाकला, तोही खचला. असे करत करत एक थर असा आला की दगड पुढे खचेना. त्यावर मातीत बसवलेल्या दगडांचा बांध चढवला. म्हणजे ज्या खरवडण्याला आपण घाबरतो, त्यालाच त्यांनी पाया खणायला लावले!

असला बंधारा दिसायला ओबडधोबड. पण त्याचा एक मोठा गुण आहे. तो थोडासा खचला तरी तुटत नाही आणि खचलेल्या जागी दगड टाकून दुरुस्त करता येतो.

४) दुरुस्ती कुणी करायची?

इथे आपला, म्हणजे मराठ्यांचा, संबंध येतो. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत चालले. हे राज्य कावेरीच्या भातावर जगत होते. पण अठराव्या शतकात पंचाईत अशी झाली की कल्लणै पडला तिरुचिरापल्लीकडच्या हद्दीत, जिथे अर्काटच्या नवाबाची सत्ता होती, आणि शेती सगळी तंजावरकरांची. बंधारा फुटला तर नुकसान एकाचे, दुरुस्तीला परवानगी दुसऱ्याची. बंधाऱ्याची डागडुजी कोण करणार यावरून राजा आणि नवाब यांच्यात तंटा झाला आणि मध्यस्थीला ईस्ट इंडिया कंपनी आली. पाण्याची चावी ज्याच्या हाती, त्याच्यापुढे शेजाऱ्याचे राज्य किती लाचार होते, हे यावरून दिसते.

५) कॉटनचा बंधारा आणि त्याचा उलटा परिणाम

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कावेरी गाळाने इतकी भरली की तंजावरला पाणी पुरेना. तेव्हा आर्थर कॉटन या मिलिटरी इंजिनिअरने रोग मुळाशी धरला. बेटाच्या पश्चिमेच्या टोकाला, कोल्लिडमच्या तोंडावर, १८३६ साली त्याने वरचा बंधारा, म्हणजे अप्पर अ‍ॅनिकट, बांधायला घेतला. पाया वाळूतच घ्यायचा होता. ही विद्या आपण कल्लणै बांधणाऱ्या देशी कारागिरांकडून शिकलो, असे कॉटनने पुढे स्वतः लिहून ठेवले. हीच विद्या घेऊन तो गोदावरीवर गेला आणि राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये पुरा झाला. त्र्यंबकेश्वरला उगम पावणाऱ्या आपल्या गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातली भातशेती अशी कावेरीच्या जुन्या कारागिरांची ऋणी आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. कोल्लिडम अडवल्यावर कावेरीत पाणी जास्त येऊ लागले आणि आता तिचे पात्र खरवडू लागले! आधी गाळाची भीती, आता खरवडीची. मग १८४५ च्या सुमारास कावेरीच्या तोंडावरही नियंत्रणासाठी बांध घालावा लागला. नदीचे एक टोक दाबले की दुसरे वर येते. पेपरात उत्तर एकदा लिहिले की सुटलो; नदीपुढे तसे नसते.

६) ऑगस्ट २०१८

१९३४ साली वर मेट्टूर धरण झाले आणि पुराला बराच लगाम बसला. पुढे २०१३ नंतर काही वर्षे मेट्टूर पूर्ण भरलेच नाही. जुलै २०१८ मध्ये ते काठोकाठ भरले, वरून पाणी सुटले आणि कोल्लिडमला कित्येक वर्षांनी मोठा पूर आला. त्या ऑगस्टमध्ये दोन गोष्टी घडल्या. श्रीरंगम्‌च्या बाजूने कोल्लिडमवर असलेल्या जुन्या लोखंडी पुलाचे खांब खचून काही भाग नदीत गेला. वाहतूक आधीच शेजारच्या नव्या पुलावर वळवली होती म्हणून निभावले. आणि २२ ऑगस्टच्या रात्री मुक्कोम्बुच्या वरच्या बंधाऱ्याचे, ४५ पैकी ९ दरवाजे त्यांच्या खांबांसकट वाहून गेले. जवळजवळ १८० वर्षे उभे असलेले काम!

दगड आणि वाळूच्या पोत्यांनी भगदाड तात्पुरते बुजवले आणि नंतर शेजारी नवा बॅरेज उभा राहिला. कारणांवर वाद झाला. कुणी वयाकडे, कुणी देखभालीकडे, तर कुणी कोल्लिडममधल्या बेसुमार वाळूउपशाकडे बोट दाखवले. त्या वादाचा निवाडा आपण करायला नको. पण शेवटच्या मुद्द्यामागचे शास्त्र आपल्या अभ्यासक्रमातलेच आहे. बंधाऱ्याखालून वाळूतून पाणी झिरपतच असते. खालच्या बाजूचे पात्र खोल गेले की पाण्याच्या पातळीतला फरक वाढतो, झिरपणे जोर धरते आणि वाळूचे कण पाण्याबरोबर निघू लागतात. हेच 'पायपिंग'. ब्लाय आणि खोसला यांची सूत्रे आपण परीक्षेसाठी घोकतो, ती यासाठीच आहेत. वाळू म्हणजे फुकटचे बांधकाम साहित्य नव्हे, तो बंधाऱ्याच्या पायाचाच भाग आहे.

७) देवळातली गटारे

शेवटी पुन्हा देवळात येऊ. २०१७ साली श्रीरंगम्‌च्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला. कशासाठी? मूर्ती आणि रंगकामाबरोबरच, पावसाचे पाणी साठवण्याची आणि वाहून नेण्याची देवळातली जुनी व्यवस्था पुन्हा चालू केल्याबद्दल. वर्षानुवर्षे बुजलेली गटारे मोकळी केली आणि आवारात पाणी तुंबणे थांबले. गोपुरापुढे सगळे हात जोडतात, गटाराकडे कुणी बघत नाही. पण बेटावरच्या देवळाला गोपुराइतकीच गटाराची गरज आहे.

स्टडी टूरला त्या बाजूला गेलात तर दर्शनानंतर मुक्कोम्बु आणि कल्लणै, दोन्ही एका दिवसात पाहून होतात. बरोबर हे तीन प्रश्न न्या.

(अ) मुक्कोम्बुला दोन्ही पात्रांची पातळी नुसत्या डोळ्यांनी पाहून कोणती नदी खोल वाटते?
(ब) कल्लणैचा आराखडा सरळ रेषेत असता तर पुराच्या वेळी काय फरक पडला असता?
(क) आपल्या गावच्या नदीवरच्या पुलाचे खांब दहा वर्षांपूर्वी पात्रात किती बुडलेले होते आणि आज किती उघडे पडले आहेत?

तिसऱ्या प्रश्नासाठी तिरुचिरापल्लीला जायची गरज नाही. येत्या सुट्टीत घरी जाल तेव्हा पुलावरून खाली वाकून बघा, आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. नवे काही बांधण्याआधी, आहे ते कोण सांभाळतो आहे हे ठाऊक असणे, हाही इंजिनिअरिंगचाच धडा आहे.