मंगळाच्या कक्षेतील आठ कला

१५४३ मध्ये कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ग्रहमालेची जुनी रचना मोडली, असे आपण सहज म्हणतो. ते पुरते खरे नाही. सूर्य मध्याजवळ आला. वर्तुळे आणि त्यांवरील उपवर्तुळे मात्र टॉलेमीच्या परंपरेतलीच राहिली. वर्तुळाचे बंधन तोडले ते योहानेस केप्लरने, आणि तेही नाइलाजाने.

टायको ब्राहे याने दुर्बिणीवाचून केलेली मंगळाची निरीक्षणे केप्लरच्या हाती आली. (टायको स्वतः पृथ्वी स्थिर मानणारा होता, हे विसरू नये.) केप्लरने वर्तुळाकार कक्षा गृहीत धरून केलेली मांडणी मंगळाच्या प्रतियुतींना, म्हणजे तो सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतानाच्या स्थानांना, सुमारे २ कलांच्या आत जुळली. इतरत्र मात्र ८ कलांपर्यंत फरक पडे. एका अंशाच्या ६० कला होतात. ८ कला म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाचा जेमतेम चतुर्थांश. टॉलेमीच्या काळी एवढी तफावत निरीक्षणातील दोष म्हणून खपली असती. टायकोच्या हातून तसा दोष होणे केप्लरला अशक्य वाटले. म्हणून मोठ्या कष्टाने केलेले गणित त्याने बाजूला सारले. १६०९ च्या ‘अस्ट्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथात मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार ठरली. सूर्य तिच्या मध्यावर नसून एका नाभीशी आहे. नवल असे की, या लंबवर्तुळाचा लघुअक्ष बृहदक्षापेक्षा अर्ध्या टक्क्यानेही कमी नाही. कागदावर काढले तर डोळ्यांना ते वर्तुळच भासते.