दासींची साक्ष

शास्त्रपाठ : योहान ९ : १३ ते ३४



योहानाच्या नवव्या अध्यायांतील जन्मांध मनुष्याची गोष्ट तुम्हांपैकीं पुष्कळांस ठाऊक आहे. त्याला दृष्टि आली तेव्हां परूश्यांनीं त्याचें म्हणणें ऐकिलें, परंतु त्यावर त्यांचा विश्वास बसेना. म्हणून त्यांनीं त्याच्या आईबापांस बोलाविलें. आईबापांनीं उत्तर देण्याचें काम त्याच्यावरच सोंपविलें. ते भीतीनें तसें बोलले खरे, तरी त्या बोलण्यांत एक न्याय आहे. तो हा कीं, ज्याच्यावर गोष्ट गुदरली त्यालाच आधीं विचारावें. या न्यायानें आज आपण मळ्यांवरील गुलामगिरीविषयीं तीन स्त्रियांनीं दिलेली साक्ष पाहूं.

आफ्रिकेंतून धरून आणलेले लोक व त्यांची संतति वेस्ट इंडीज बेटांत उंसाच्या मळ्यांवर व अमेरिकेच्या दक्षिण भागांत कापूस, तंबाखू व भात पिकविण्याच्या कामीं लाविली जात असे. ते कायद्यानें धन्याची मालमत्ता होते. आई दासी असली म्हणजे तिचें मूलही जन्मतः दास होई. त्यामुळें या जुलमाचा एक भाग असा होता कीं, तो स्त्रियांवांचून दुसऱ्या कोणास पुरता सांगतां येणें शक्य नव्हतें.

१. मेरी प्रिन्स. ही इ. स. १७८८ च्या सुमारास बर्म्यूडा बेटांत जन्मली. ती सुमारें बारा वर्षांची असतां धन्यानें तिला व तिच्या बहिणींना विकावयास काढिलें आणि त्यांना बाजारांत नेण्याचें काम त्यांच्या आईलाच करावें लागलें. कसाई जनावर चांचपतो तसें गिऱ्हाइकांनीं आपणांस चांचपून पाहिलें, असें ती सांगते. बहिणी निरनिराळ्या धन्यांकडे गेल्या. पुढें टर्क्स बेटावरील मिठागरांत तिला उन्हांत तासन्‌तास खाऱ्या पाण्यांत उभें राहून काम करावें लागे. त्यामुळें पायांना पडलेल्या जखमा हाडापर्यंत जात.

त्यानंतर अँटिग्वा बेटांत ती मोरेव्हियन मंडळींत आली आणि तेथील मिशनरी बायांपाशीं वाचावयास शिकली. इ. स. १८२६ च्या डिसेंबरांत डॅनिएल जेम्स नांवाच्या स्वतंत्र सुताराशीं त्याच मंडळीच्या उपासनामंदिरांत तिचा विवाह झाला. विवाह केला म्हणून धन्यानें तिला चाबकानें मारिलें. इ. स. १८२८ त धनी व धनीण यांनीं तिला लंडनास नेलें. इंग्लंडच्या भूमीवर तिला बळजबरीनें परत धाडतां येत नव्हतें. परंतु ती अँटिग्वास परतली तर पुनः दासी होणार होती. तिचें मोल घेऊन तिला मोकळी करावी, असें धन्यास विनविण्यांत आलें. तो कबूल होईना. येथें राहावें तर नवरा अंतरला, तिकडे जावें तर स्वतंत्रता गेली, असें तिला झालें. ती धन्याचें घर सोडून गुलामगिरीविरोधी मंडळाकडे गेली.

आपली हकीकत लिहून निघावी ही कल्पना तिची स्वतःचीच होती. तिनें सांगितलें, सुसाना स्ट्रिकलंड या बाईनें लिहून घेतलें आणि मंडळाचे चिटणीस टॉमस प्रिंगल यांनीं तें इ. स. १८३१ त छापून प्रसिद्ध केलें. त्या एका वर्षांत त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. तथापि पुष्कळांस तें खरें वाटेना. बर्मिंगहॅम येथील स्त्रियांच्या मंडळानें विचारणा केल्यावरून प्रिंगल यांच्या पत्नीनें मेरीच्या पाठीवरचे वळ स्वतः पाहिले व तसें पत्र लिहून दिलें. बंधूंनो, येथें थोडें थांबा. हे तिचे शत्रु नव्हते, मित्र होते. तरी त्यांनाही तिचा शब्द पुरला नाहीं, पाठ पाहावी लागली!

इ. स. १८३३ त इंग्लंडच्या पार्लमेंटानें गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला व तो १ ऑगस्ट १८३४ पासून अमलांत आला. धन्यांना नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड ठरविले. दासांना एक पैही नाहीं. उलट बहुतेक ठिकाणीं त्यांस इ. स. १८३८ पर्यंत ‘उमेदवार’ या नांवाखालीं जुन्याच धन्याचें काम करावें लागलें. कंपनी सरकारचा मुलूख या कायद्यांतून वगळला होता. आपल्या देशांत गुलामगिरीस कायद्याचा आधार न राहावा म्हणून इ. स. १८४३ चा पांचवा कायदा निराळा करावा लागला.

२. हॅरिएट जेकब्स. ही इ. स. १८१३ त अमेरिकेंत नॉर्थ कॅरोलायना प्रांतीं जन्मली. धन्याच्या पापदृष्टीपासून सुटण्यासाठीं ती पळाली आणि आपल्या आजीच्या घराच्या माळ्यावर जवळ जवळ सात वर्षें लपून राहिली. ती जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि जेथें सर्वांत उंच तेथें तीन फूट होती. खालीं तिचीं मुलें खेळत. भिंतीच्या छिद्रांतून तिला तीं दिसत, परंतु हांक मारण्याची सोय नव्हती. इ. स. १८४२ त ती उत्तरेकडे निसटली. तेथें दिवसा दुसऱ्याचीं मुलें सांभाळून रात्रीं तिनें आपलें पुस्तक स्वतःच्या हातानें लिहिलें. तें इ. स. १८६१ त निराळ्या नांवानें प्रसिद्ध झालें. पुढें अनेक विद्वानांनीं तें रचलेली कादंबरी ठरविलें. तिचीं पत्रें शोधून, पुस्तक तिचें व खरें आहे असें जीन येलिन या विदुषीनें दाखविलें व इ. स. १९८७ त तें सप्रमाण पुनः छापिलें. म्हणजे तिची साक्ष खरी ठरावयास शंभरांवर वर्षें लागलीं.

३. फॅनी केंबल. ही इंग्रज नटी एका अमेरिकन मळेवाल्याची पत्नी झाली. इ. स. १८३८–३९ च्या हिवाळ्यांत जॉर्जिया प्रांतीं नवऱ्याच्या मळ्यांवर राहून तिनें जें पाहिलें तें लिहून ठेविलें. दासी तिजकडे येऊन विनवीत कीं, बाळंतपणानंतर तीन आठवड्यांऐवजीं चार आठवडे तरी विसांवा द्यावा. तिनें एकेकीचें नांव घालून किती मुलें झालीं व किती मेलीं हें मांडिलें. आपलें अन्नवस्त्र याच लोकांच्या श्रमांतून येतें, हें तिनें लपविलें नाहीं. पुढें नवऱ्याशीं घटस्फोट झाला आणि मुली बापाच्या ताब्यांत राहिल्या. तें पुस्तक इ. स. १८६३ त, अमेरिकेंतील यादवी युद्ध चाललें असतां, बाहेर पडलें. त्या बायांना लिहितां येत नव्हतें. त्यांचे शब्द आज आहेत ते केवळ ऐकणारीनें लिहून ठेविले म्हणून.

या गोष्टी दूरदेशच्या म्हणून सोडून देऊं नका. जोतीराव फुले यांनीं इ. स. १८७३ त आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक अमेरिकेंत दास मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केलें, तें दोन्हीकडचें दुःख ताडूनच. त्यापूर्वीं इ. स. १८५५ त पुण्यास त्यांच्या शाळेंत शिकणाऱ्या सुमारें चौदा वर्षांच्या मुक्ता नांवाच्या मांगाच्या मुलीनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला, आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्रानें छापिला. ती दासी नव्हती. परंतु जें सोसलें तें सोसणाऱ्यांपैकीं एकीनें स्वतः लिहावें, हा धडा मराठींत तिनें घालून दिला.

शिक्षक बंधूंनो, ही गोष्ट विशेषेंकरून तुम्हांस सांगण्याजोगी आहे. ज्याला लिहितां येतें त्याच्याकडे गांवांतील माणसें अर्ज लिहवून घ्यावयास येतात. मजुरी बुडालेली बाई येते, घरांतून हांकलून दिलेली सून येते. आम्हीही असे अर्ज लिहिले आहेत. एकदां एका विधवेचें सांगणें अर्ध्यावर तोडून आम्ही आपल्याच चांगल्या भाषेंत अर्ज पुरा केला. वाचून दाखविला तेव्हां ती म्हणाली, “साहेब, छान लिहिलंत, पण माझं काय झालं तें यांत नाहीं.” तो कागद आम्ही फाडिला व पुनः पहिल्यापासून ऐकावयास बसलों.

म्हणून तीन गोष्टी ध्यानांत ठेवा. सांगणाराचें पुरें ऐका. त्याच्या शब्दांत आपले शब्द घालूं नका. आणि लिहिलेलें त्याला वाचून दाखवून मगच अंगठा घ्या.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न :

१. परूश्यांनीं त्या मनुष्याच्या शब्दावर विश्वास कां ठेविला नाहीं?

२. मेरी प्रिन्स हिच्या मित्रांना तिची पाठ पाहावीशी कां वाटली? आपण त्या ठिकाणीं असतों तर काय केलें असतें?

३. आपल्या मंडळींत असें कोण आहे कीं, ज्याचें म्हणणें दुसराच कोणी नेहमीं सांगतो? येत्या सभेंत तें त्याच्याच तोंडून कसें ऐकतां येईल?